जरा क्रॅक आहे म्हणे!

‘ताई, संध्याकाळी जरा घरी येऊन जाता का?’ वहिनी फोनवर एवढंच म्हणाली. आवाज बसलेला होता. मी भाजी तशीच ओट्यावर टाकली आणि रिक्षा करून भावाच्या घरी गेले. आमचं सिन्नर काही फार मोठं नाही, पंधरा मिनिटांत पोचले. वहिनी देवघराजवळ बसलेली. रडून डोळे सुजलेले.

भाचीसाठी संगमनेरचं एक स्थळ आलं होतं. मुलगा पुण्याला नोकरीला, घर चांगलं, पत्रिका जुळलेली, मुला-मुलीचं फोनवर दोन-तीनदा बोलणंही झालेलं. पुढच्या रविवारी बैठक ठरायची होती. आणि त्या दिवशी दुपारी मध्यस्थांचा फोन आला, ‘मुलगी छान आहे हो, शिकलेली आहे, नोकरी आहे. पण जरा क्रॅक आहे असं त्यांच्या कानावर आलंय. औषधं वगैरे चालू आहेत का? असतील तर आधीच सांगा म्हणतात.’

मी म्हटलं, ‘औषधं? कसली औषधं? कुणी सांगितलं त्यांना?’

वहिनी म्हणाली, ‘तेच तर! म्हणे तुमच्याच नात्यातल्या बाईच्या तोंडून निघालेली बातमी आहे. रात्री दगडांशी बोलते म्हणे आमची पोरगी.’

मैत्रिणींनो, त्या क्षणी माझ्या पायाखालची फरशी सरकली. कारण ती नात्यातली बाई कोण, हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं!

आधी भाचीबद्दल सांगते. ती रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाली. इथल्याच एमआयडीसीत एका कंपनीच्या लॅबमध्ये कामाला आहे. तिला लहानपणापासून दगडांचं वेड. साधेसुधे दगड नव्हेत हं! विहिरीचा सुरुंग उडाला की आतल्या काळ्या खडकाच्या पोकळ्यांत पांढरे, गुलाबी, पोपटी स्फटिक निघतात ना, ते. कुणाच्या मळ्यात विहीर खणायला घेतली, की ही रविवारी स्कूटी काढून तिकडे. समृद्धी महामार्गाचं काम आपल्या तालुक्यातून चाललं होतं तेव्हा ही कॉलेजात होती. बापाला मागे लागून खोदाईच्या जागी न्यायला लावायची आणि पिशव्या भरभरून दगड आणायची. शोकेसमधल्या बाहुल्या कधीच माळ्यावर गेल्या. त्यांच्या जागी स्टिल्बाइट, हुलंडाइट, अपोफिलाइट अशा नावांचे पाहुणे बसले. जुन्या टूथब्रशनं एकेक घासून धुते. चुलत बहिणीच्या हळदीच्या दिवशी सगळ्या बायका हिला शोधतायत आणि ही गेलीय ठाणगावच्या बाजूला सुरुंग बघायला! आली तेव्हा केसांत माती, हातात दगड आणि चेहऱ्यावर नवरीपेक्षा जास्त आनंद.

आता माझा पराक्रम. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आम्ही दहा-बारा जणी जमलो होतो. वाण झालं, तिळगूळ झाला, मग नेहमीप्रमाणे लेकी-सुनांच्या गोष्टी निघाल्या. कुणाची मुलगी सारखी मोबाइलवर, कुणाची सून सकाळी पळायला जाते. हसणं-खिदळणं चाललेलं. मीही रंगात आले आणि म्हणाले, ‘अगं, आमची भाची म्हणजे एक नंबर क्रॅक! दिवसभर दगड धुते आणि रात्री त्यांच्याशी गप्पा मारते.’

सगळ्या जणी खळखळून हसल्या. मलाही बरं वाटलं. गप्पा मारते हे काही मी अगदीच मनचं लावलं नव्हतं. एकदा भावाकडे मुक्कामाला असताना रात्री पाणी प्यायला उठले, तर तिच्या खोलीतून हळू आवाजात बोलणं ऐकू आलं होतं. दार लोटलेलं. फोन बाहेर चार्जिंगला लावलेला. मी मनाशी हसले आणि झोपले. पुढे काय आहे ते बघितलं नाही, विचारलं नाही. पण सांगायच्या वेळी मात्र तिखट-मीठ लावून सांगितलं.

त्या दहा-बारा जणींत एकीचं माहेर संगमनेर. तिनं मुद्दाम काही वाईट सांगितलं असेल असं मला नाही वाटत. ती माझ्यासारखीच हसत बोलली असणार. पण सिन्नरहून निघालेलं ‘क्रॅक’ नांदूरशिंगोट्याचा स्टॉप ओलांडून संगमनेरला पोचेपर्यंत त्याची ‘औषधं चालू आहेत’ झाली होती.

त्या रात्री मला झोप लागली नाही. एवढा काय तो शब्द? आपण दिवसातून दहादा म्हणतो. नवरा पावसात भिजत भजी आणायला गेला की क्रॅक, दीर पहाटे चारला उठून सायकलवर त्र्यंबकेश्वरला गेला की क्रॅक, मुलगा परीक्षेच्या आदल्या दिवशी क्रिकेट खेळला की क्रॅक. मग याच शब्दानं एक बैठक कशी मोडली?

दुसऱ्या दिवशी मुलाची जाडजूड इंग्रजी डिक्शनरी काढली. क्रॅक म्हणजे तडा, हे आपल्याला माहीतच आहे. पण इंग्रजीत डोक्याला तडा गेलेला माणूस या अर्थानं हा शब्द सतराव्या शतकापासून वापरात आहे. त्यातूनच पुढे ‘क्रॅकपॉट’ आला. पॉट म्हणजे मडकं, आणि मडकं म्हणजे डोकं! म्हणजे साहेबालाही डोकं मडक्यासारखंच दिसत होतं तर. उन्हाळ्यात आठवडे बाजारात माठ घेताना आपण काय करतो? बोटाच्या पेरानं टिचकी मारून बघतो. टण्ण वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर खाली ठेवायचा. बाहेरून काही दिसत नाही, पण आत बारीक चीर असते. दोन दिवसांत पाणी ठिबकायला लागतं.

तेव्हा ‘क्रॅक आहे’ म्हणजे खरं तर काय म्हटलं मी? ‘या मडक्याला चीर आहे, घेऊ नका.’ आणि नेमक्या अशा घरापर्यंत ते पोचलं, जे टिचकी मारून बघायलाच बसलं होतं.

दुपारी भाऊ आला. त्याची निम्मी हयात मुसळगावच्या औद्योगिक वसाहतीत एका प्रेस शॉपमध्ये गेली. मी डिक्शनरी उघडी ठेवून बसलेली बघून म्हणाला, ‘काय शोधतेस?’ मी म्हटलं, ‘क्रॅक.’ त्याला वाटलं मशीनबद्दल विचारतेय. म्हणाला, ‘अगं, क्रॅक वेगळा आणि क्रँक वेगळा. पार्टला क्रॅक गेला की तो थेट भंगारात. आणि क्रँक नसला तर अख्खं मशीन बंद!’

मग त्यानं मला समजावून सांगितलं. मैत्रिणींनो, घरात पायमशीन असेल तर तुम्हीही बघा. आपण पायडल वर-खाली करतो, पण मोठं चाक गोल फिरतं. वर-खालीचं गोल कोण करतं? पायडलपासून निघालेली दांडी चाकाच्या मधोमध लावलेली नसते, जरा बाजूला लावलेली असते. तो बाजूला सरकलेला, वाकडा भाग म्हणजे क्रँक. सायकलच्या पायडलचा आडवा दांडा, तोही क्रँकच. भावाच्या प्रेसमध्ये याच्या उलट चालतं. तिथं चाक गोल फिरतं आणि पंच वर-खाली होतो. तिथल्या एका भागाचं नावच ‘एक्सेन्ट्रिक’.

मी उडालेच! कारण डिक्शनरीत विक्षिप्त माणसाला हाच शब्द दिलेला. एक्सेन्ट्रिक हा मूळचा ग्रीक शब्द. अर्थ मध्यापासून बाहेरचा. पूर्वीचे ज्योतिर्विद ग्रहांच्या गतीसाठी तो वापरायचे, कारखानदारांनी मशीनसाठी घेतला आणि लोकांनी माणसांसाठी. भाऊ म्हणाला, ‘तो पार्ट बरोबर मधोमध बसवला ना, तर नुसता गरगर फिरेल. काम शून्य. म्हणून मुद्दाम बाजूला सरकवून बसवतात.’

इंग्रजीत क्रँक हा शब्दही माणसासाठी वापरतात. एकाच गोष्टीचा ध्यास घेतलेला, चार लोकांत न बसणारा माणूस म्हणजे क्रँक. तिकडे तोही काही कौतुकाचा शब्द नाही. पण मला तो भावला. आपल्या लिपीत तर दोघांत फरक फक्त एका टिंबाचा! माझी भाची क्रँक होती. मी ते टिंब खाल्लं.

आपल्या मराठीला या बाबतीत काही कमी आहे का? मुळीच नाही. उलट आपल्याकडे इतके शब्द आहेत की प्रत्येक माणसाला मापात बसेल असा वेगळा काढता येतो. एखाद्या गोष्टीचा छंद घेतलेला तो छांदिष्ट. नादी लागलेला तो नादिष्ट. आज एक, उद्या दुसरं म्हणणारा लहरी. ज्याची वागण्याची तऱ्हाच न्यारी तो तऱ्हेवाईक. डोक्यात चक्र फिरतं तो चक्रम. कुठल्याही चौकटीत न मावणारा तो अवलिया किंवा कलंदर. विक्षिप्त हा शब्द तर थेट योगशास्त्रातला आहे. योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात चित्ताच्या पाच अवस्था सांगितल्या आहेत, क्षिप्त, मूढ, विक्षिप्त, एकाग्र आणि निरुद्ध. बघा, विक्षिप्ताची पुढची पायरी एकाग्र आहे!

पण यातले अवलिया, कलंदर, छांदिष्ट हे शब्द आपण बाईसाठी कधी वापरतो का? आठवून बघा. ‘तिचे सासरे मोठे अवलिया’ असं सहज म्हणतो. ‘तिच्या सासूबाई अवलिया’ असं माझ्या तरी ऐकण्यात नाही. सासूबाई थेट अर्धवट, नाहीतर सटकलेल्या. मधल्या पायऱ्याच नाहीत.

आपल्या नाशिक जिल्ह्यातलंच बघा ना. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. जन्म १८७०चा. चांगला चालणारा छपाईचा धंदा सोडून ‘हलती चित्रं’ करायचं त्यांच्या डोक्यात शिरलं. २००९ साली आलेला ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी पाहिला असेल. त्यात त्यांचं हे वेड शेजाऱ्यापाजाऱ्यांना कसं दिसत होतं, ते गमतीनं दाखवलंय. पण घरात काय झालं? सरस्वतीबाईंनी दागिने काढून दिले. दिवसा युनिटच्या माणसांचा स्वयंपाक रांधायचा आणि रात्री अंधारात बसून फिल्मला भोकं पाडायची, हे त्यांनी केलं. १९१३च्या मे महिन्यात ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला आणि वेडाचं नाव ‘ध्यास’ झालं. फार चांगलं झालं. मला त्याचा अभिमानच आहे. पण मनात येतं, हेच खूळ सरस्वतीबाईंच्या डोक्यात शिरलं असतं तर दागिने कुणी विकले असते?

दुसरं उदाहरण आपल्या लक्ष्मीबाई टिळकांचं. त्यांचा जन्म १८६८चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ वाचली नसतील तर जरूर वाचा. हसता हसता डोळ्यांत पाणी येतं. १८५७च्या धामधुमीत लक्ष्मीबाईंच्या आईच्या वडिलांना फाशी झाली. त्या धक्क्यानंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचं वेड लागलं. साधंसुधं नाही, घरात येणारं मीठ-साखरसुद्धा धुऊन घ्यावं लागे! विचार करा, धुतलेल्या मिठाचं काय उरत असेल? आणि धुवायचं कुणी? घरातल्या बायकांनी. पुढे लक्ष्मीबाईंच्या वाट्याला नवरा आला तो कवी नारायण वामन टिळक. मनात येईल तेव्हा न सांगता घर सोडून जाणारा, हातातलं कुणालाही देऊन टाकणारा. त्या काळात ‘क्रॅक’ शब्द आपल्याकडे नव्हता एवढंच. एका विक्षिप्त माणसाच्या घरातून दुसऱ्या विक्षिप्त माणसाच्या घरात गेलेली ही बाई. पण तिनं कुणाला एका शब्दात निकालात काढलं नाही. काय घडलं, कसं घडलं, आपल्याला त्याचा जाच कसा झाला आणि त्याच माणसावर जीव कसा जडला, हे सगळं तपशिलात सांगितलं. म्हणून ते वडील आणि तो नवरा आज आपल्याला चेष्टेचा विषय वाटत नाहीत, जिवंत माणसं वाटतात.

एवढ्यावर थांबले असते तर लेख गोड झाला असता. पण ‘क्रॅक’ या शब्दाची दुसरी बाजूही मला सांगायलाच हवी. ती माझ्या मनात कितीतरी वर्षं टोचतेय.

लग्न होऊन मी सिन्नरला आले तेव्हा आम्ही जुन्या गावात एका वाड्यात राहायचो. तिथं एक काकू होत्या. नळ धुवायच्या, मग बादली, मग पुन्हा नळ, मग हात. बाजारातून आलेली नाणीसुद्धा साबणानं धुवायच्या. हिवाळ्यात हातांना भेगा पडून रक्त यायचं. नळावर आमचा नंबर आला की आम्ही सगळ्या वैतागायचो. ‘काकू क्रॅक आहेत’ म्हणायचो आणि हसायचो. वाड्यातली पोरं तर त्यांनी किती वेळा हात धुतले ते मोठ्यानं मोजायची. काकूंना देवऋषाकडे नेऊन झालं, गंडे-दोरे झाले, नवस झाले. मी स्वतः त्यांना एकदा म्हणाले होते, ‘काकू, जाऊ द्या ना, कशाला इतका विचार करता?’

बऱ्याच वर्षांनी त्यांच्या सुनेनं धीर करून त्यांना नाशिकला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. त्याला मंत्रचळ म्हणतात, इंग्रजीत ओसीडी. तो आजार आहे. औषधं आणि वर्तनोपचार या दोन्हींनी त्यात फरक पडतो. काकूंनाही पडला, अगदी पूर्ण नाही पण पुष्कळ. मी भेटायला गेले तेव्हा त्या जे म्हणाल्या ते मी विसरू शकत नाही. म्हणाल्या, ‘हात स्वच्छ आहेत हे मला कळत होतं गं. पण थांबता येत नव्हतं. तुम्ही हसायच्या तेव्हा वाटायचं, एकीनं तरी विचारावं, काकू, तुम्हाला त्रास होतोय का?’

मैत्रिणींनो, इथं माझ्या लक्षात आलं. भाची चांगली धडधाकट. तिला आम्ही क्रॅक म्हटलं आणि लोकांनी आजारी ठरवलं. काकू खरोखर आजारी. त्यांनाही आम्ही क्रॅक म्हटलं आणि त्यांचा आजार हसण्यावारी गेला. एकच शब्द! दोघींचंही त्यानं नुकसान केलं. कारण तो काहीच नेमकं सांगत नाही. फुगडीत घातला तर गंमत, बैठकीत घातला तर दोष आणि दवाखान्याच्या दारात घातला तर अडसर.

कायदा या बाबतीत आपल्यापेक्षा शहाणा निघाला. २०१७ साली मानसिक आरोग्य सेवा कायदा झाला आणि २०१८पासून लागू झाला. त्यात स्पष्ट म्हटलंय की एखादी व्यक्ती समाजाच्या नैतिक, सामाजिक, सांस्कृतिक चालीरीतींप्रमाणे वागत नाही, एवढ्यावरून तिला मानसिक आजार आहे असं ठरवता येणार नाही. म्हणजे हळदीच्या दिवशी सुरुंग बघायला जाणं हा आजार नव्हे! आणि खरोखर आजार असला तर उपचार मिळणं हा त्या व्यक्तीचा हक्क आहे, हेही त्याच कायद्यात आहे.

लग्नाच्या बाबतीतही एक गोष्ट माहीत असू द्या. ‘डोक्यावर परिणाम आहे’ म्हणून बायकोला माहेरी आणून सोडण्याचे प्रकार आपण बघतो. मानसिक आजार हे हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाचं एक कारण आहे खरं, पण आजाराचं नुसतं नाव पुरत नाही. जोडीदाराकडून एकत्र राहण्याची अपेक्षाच करता येऊ नये इतका तो गंभीर आहे हे सिद्ध करावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८८ सालीच सांगितलंय. तेव्हा कुणी ‘जरा तशीच आहे’ म्हणून एखादीला दारात आणून उभी केली, तर घाबरून गप्प बसू नका.

आणि घरात कुणाला खरंच त्रास होत असेल, झोप उडाली असेल, तेच तेच विचार येत असतील, जीव नकोसा वाटत असेल, तर १४४१६ हा क्रमांक लिहून ठेवा. ‘टेलिमानस’ ही सरकारी सेवा २०२२च्या ऑक्टोबरात सुरू झाली. फोन फुकट आहे, दिवस-रात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं. ‘ठाण्याला पाठवतील’ ही आपली जुनी भीती आता मनातून काढायला हवी.

आता माझ्या गोष्टीचा शेवट. आमच्या शेजारी एक मावशी आहेत. उभी हयात विड्या वळण्यात गेली त्यांची. त्यांना मी सगळं सांगितलं, तर मांडीवरच्या सुपातून मान वर न करता म्हणाल्या, ‘ताई, पान जरा फाटलं ना, की तेवढी एक विडी वाया जाते. शब्द फाटला की आख्खा कट्टा जातो. जावा आन् सांगून या.’

मी एस.टी. पकडून संगमनेरला गेले. सोबत कुणालाच घेतलं नाही. मुलाच्या आई सभ्य होत्या, चहा-पोहे झाले. मग मी सांगून टाकलं, ‘ते मीच म्हणाले होते. मी मुलीची सख्खी आत्या. गंमत म्हणून बोलले. तिला काहीही आजार नाही, कसलंही औषध चालू नाही. दगडांचा अभ्यास करते ती.’

त्या बराच वेळ कपाकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, ‘परक्या कुणी सांगितलं असतं तर आम्ही सोडून दिलं असतं हो. पण घरचंच माणूस म्हणतंय म्हटल्यावर आम्ही खरं धरलं. आता दुसरीकडे बोलणं पुढे गेलंय.’

यावर मी काय बोलणार? त्यांचं काही चुकलं नव्हतं. परतीच्या एस.टी.त खिडकीशी बसून मी रडले.

भाचीलाही त्याच रात्री सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती हसेल, म्हणेल ‘जाऊ दे आत्या’. नाही म्हणाली. रागावली. म्हणाली, ‘आत्या, त्या रात्री तू दार उघडून विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं ना! मी नोंदवही लिहीत होते. कुठल्या शिवारातला दगड, विहीर किती खोल, कुठल्या दिवशी मिळाला. लिहिताना मोठ्यानं वाचते, म्हणजे चूक होत नाही.’

पुढचे आठ-दहा दिवस ती माझ्याशी बोलली नाही. वहिनी बोलत होती, पण ‘ताई’ म्हणताना पूर्वीचा ओलावा नव्हता. मी दोघींनाही दोष देत नाही.

मग एका रविवारी मीच भाचीला म्हटलं, ‘मला तुझी गारगोटी दाखव.’ तुम्हाला माहीतच असेल, आपल्या सिन्नरला एमआयडीसीत ‘गारगोटी’ नावाचं खनिजांचं संग्रहालय आहे. के. सी. पांडे नावाच्या, एकेकाळी नौदलात असलेल्या माणसानं ते उभं केलंय. लांबलांबून लोक बघायला येतात. मी इतकी वर्षं सिन्नरला राहून एकदाही गेले नव्हते. भाची मला घेऊन गेली. काचेमागचे ते स्फटिक बघून मी थक्क झाले. तिथं एकेका दगडासमोर उभं राहून तिनं सांगितलं, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्हारस पसरला, त्यात वाफेचे बुडबुडे अडकले, खडक थंड झाल्यावर त्या पोकळ्यांत पाणी झिरपत राहिलं आणि कणाकणानं हे स्फटिक वाढले. आपल्या गोंदेश्वराचं देऊळ ज्या काळ्या दगडाचं आहे, तोही असाच लाव्हारसातून झालेला. मी ऐकत होते. पंचवीस वर्षांची ही मुलगी इतकं छान सांगते, हे मला आत्या असून माहीत नव्हतं. दगड जमवण्याचं संग्रहालय होऊ शकतं, हे डोळ्यांपुढे असूनही मी तिच्या दगडांची चेष्टाच करत आले होते.

आता दर रविवारी दुपारी मी भावाकडे जाते. माझं अक्षर चांगलं आहे, म्हणून भाचीनं मला चिठ्ठ्या लिहायचं काम दिलंय. ती मोठ्यानं सांगते, मी लिहिते. ‘मुसळगाव शिवार, विहीर, चाळीस फूट.’ बाहेरून ऐकणाऱ्याला वाटेल, दोघी दगडांशीच बोलतायत! वहिनी चहा आणून ठेवते आणि हल्ली जरा वेळ बसतेही. दुसरं स्थळ अजून आलेलं नाही. आलं की भाचीनं एक अट घातलीय, बायोडाटात छंद या रकान्यात ‘वाचन, स्वयंपाक’ न लिहिता ‘खनिजं जमवणे’ असं लिहायचं. वहिनी आधी का-कू करत होती. परवा मीच माझ्या अक्षरात लिहून दिलं.

मागच्या आठवड्यात भिशीला गेले होते. एकजण नव्या शेजारणीबद्दल सांगायला लागली, ‘ती ना, जरा क्रॅकच आहे!’ सगळ्या हसायच्या बेतात होत्या. मी नुसतं विचारलं, ‘म्हणजे नेमकं काय करते गं?’

ती गडबडली. जरा आठवून म्हणाली, ‘म्हणजे तसं काही नाही… रात्री अकरा वाजता गच्चीवर जाऊन एकटीच बसते.’

दुसरी एकजण पटकन म्हणाली, ‘अगं, तिचा नवरा महिन्यापूर्वी गेला ना. उद्या जाऊन येऊ या का आपण?’